सहावं गीतपुस्तक

शेतकरी योडरच्या कोठारात चर्चची सभा, बाकावर लोकांनी सुचवलेले सहा जण, समोर सुतळीने बांधलेली सहा गीतपुस्तकं. एकात चिठ्ठी, ती ज्याला मिळेल तो मरेपर्यंत उपदेशक. हे पद मागायचं नसतं, देवाने लादायचं असतं. पण सहांतला अमोस सहा महिने गोठ्यात उपदेश घोकत होता. सकाळीच बायकोने टोमणा मारला होता, "गाईंनाही पाठ झालंय. आता देवाला शिकवायला जाऊ नका." एकेकाने पुस्तक उचललं. बिशप सुतळ्या सोडू लागला. चार रिकामी निघाली. पाचवा, तोतरा एनोस, डोळे मिटून पुटपुटत होता, "मी नको, प्रभू." त्याचंही रिकामं! उरला अमोस. त्याला घोकलेलं काही आठवेना. हे देवाने दिलं, की आपण हिसकावलं? बिशपने सुतळीला हात घालताच अमोस ओरडला, "देवा, मी नको!" चिठ्ठी काढत बिशप म्हणाला, "आता चालशील."