पेंढीची गाठ

द्राक्षं पिकली की आमच्याकडे मळ्यांच्या वाटा बंद होतात. राखणदार वाटेच्या तोंडाशी खांबाला गवताची पेंढी बांधतो आणि दाराला कडी घालावी तशी गाठ बाहेरच्या बाजूला मारतो.

टेकडीवरून मोझेल नदी बघून मी आणि बायको हिल्ट्रूड उतरलो, तर खाली पेंढी बांधलेली.

"आपण वर असतानाच बांधली."

"तो राखणदार फोल्कमार मेला आंधळाच आहे," ती हसली.

खांब ओलांडून आम्ही पुढे निघालो. वळणापलीकडे पुन्हा तेच मळे, तोच खांब. दुसरी वाट धरली, तरी तेच.

हिल्ट्रूड आता हसत नव्हती.

"अरे, गाठ बघ."

गाठ बाहेर नव्हे, आत आमच्या बाजूला होती आणि आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू आवळली जात होती.