उरलेला शब्द

सासूबाईंनी "हे स्वर्गीय पित्या" म्हणून प्रार्थनेला सुरुवात केली, की सगळ्यांचा चहा गार होणार हे ठरलेलं. शेजारणीचा गुडघा, नातवाची परीक्षा, चर्चचं गळकं छप्पर, काही म्हणून सुटायचं नाही. मग अर्धांगाचा झटका आला आणि त्यांच्या जिभेवर एकच शब्द उरला, "बाबा."

पाणी पाजलं की बाबा, कूस बदलली की बाबा. "आई तिच्या वडिलांना शोधतेय गं," मुलगा कासावीस होऊन बायकोला म्हणाला आणि त्याने आजोबांचा जुना फोटो सासूबाईंपुढे धरला. त्यांनी तो मायेने पाहिला आणि बाजूला ठेवला. सून तर दर हाकेला धावत जायची. "काय हवंय, आई? उशी देऊ? खिडकी लावू?" सासूबाई नुसती मान हलवून नाही म्हणायच्या.

रविवारी प्रार्थनेच्या मैत्रिणी घरी आल्या. खाटेभोवती बसून एकेकीने प्रार्थना केली. सासूबाईंची पाळी आली, तशा सगळ्या अवघडल्या. त्यांनी मात्र डोळे मिटले, चांगला हात लुळ्या हातावर ठेवला आणि लाडात आल्यासारखं म्हणाल्या, "बाबा." मग बराच वेळ काहीच नाही. चेहरा कडेवर घेतलेल्या लेकरासारखा निवांत.

"आमेन," सगळ्यांत म्हातारी मैत्रीण हळूच म्हणाली.

सुनेने जीभ चावली. गेला महिनाभर ती सासूबाईंच्या प्रार्थनेत मधेमधे बोलत होती.