धुळ्याचं उत्तर

"कोरा दाखला मी देणार नाही, नाना," फौजदार भाईदास म्हणाले. "तुमच्यासारख्या माणसाला कोरा दाखला दिला तर आमच्या खात्याची शोभा होईल."

कौतिक नाना खुर्चीच्या कडेवर बसले होते. शेजारी द्रौपदाबाई, मांडीवर पिशवी, पिशवीत कॅनडाच्या वकिलातीचं पत्र. लेक मंदा बारा वर्षं तिकडे होती. नातू नऊ वर्षांचा झाला तरी आजीनं त्याला फोटोतच पाहिलेलं. आता लेकीनं दोघांना कायमचं बोलावलं होतं आणि व्हिसा एका कागदावर अडला होता. नानांवर कधी गुन्हा होता का, ते कधी तुरुंगात होते का, याचा पोलिसांचा दाखला हवा होता.

अडचण नानांच्या मोठेपणाची होती. बेचाळीस साली एरंडोलजवळ ज्या पोरांनी तारा तोडल्या, त्यांत नाना होते. पाच महिने ते धुळ्याच्या तुरुंगात होते. जळगावला राहायला आले तरी दर पंधरा ऑगस्टला एरंडोलची शाळा त्यांना न्यायला यायची आणि पहिला हार त्यांना घालायची. भाषणाची वेळ आली की नानांचा घसा बसायचा. दरवर्षी नेमका त्याच दिवशी बसायचा, पण मुलं कौतुकानं टाळ्या वाजवायची. स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनीसाठी नानांनी अर्जसुद्धा केला नाही. देशसेवेचा मोबदला त्यांना नको होता, असं लोक म्हणायचे. नाना तेवढ्यात विषय बदलायचे.

आताही ते हळूच म्हणाले, "साहेब, पन्नास वर्षं होत आली. काही सापडलं नाही, एवढंच लिहा. कुणाचं काय बिघडतंय?"

"बिघडतं कसं नाही? कोण येतंय ते कळू दे त्यांना. धुळ्याहून तुमच्या तुरुंगवासाचा उतारा मागवतो आणि वर माझं पत्र जोडतो. हा माणूस गुन्हेगार नाही, याच्यामुळे मी या खुर्चीत बसलोय, असं लिहितो. बघा, सलाम ठोकतील तुम्हाला."

द्रौपदाबाईंना भरून आलं. त्यांनी पिशवीतून उडदाचे पापड काढून टेबलावर ठेवले. फौजदारांनी ते परत पिशवीत घातले आणि वाकून नानांच्या पाया पडले. असा साहेब भेटणं हे आपलं नशीब, असं द्रौपदाबाई रिक्षात बसेपर्यंत म्हणत होत्या.

पुढचे तीन आठवडे नानांना जेवण गेलं नाही. एकदा ते कुणाला न सांगता एसटीनं धुळ्याला जाऊन आले. कशाला गेला होतात, असं विचारलं तर म्हणाले, "जुनं कोणी भेटतं का बघितलं." मग एके दिवशी त्यांनी कॅनडाच नको म्हटलं. तिकडची थंडी सोसायची नाही म्हणे.

"थंडीबिंडी काही नाही," द्रौपदाबाई म्हणाल्या. "त्या जुन्या जेलपायी व्हिसा अडेल, याची धास्ती घेतलीय तुम्ही. मी बघते काय करायचं ते."

आणि त्यांनी एरंडोलला पुष्पाबाईंना निरोप धाडला.

पुष्पाबाई म्हणजे झुलालची विधवा. झुलाल त्याच तारांच्या खटल्यात होता. तीन वर्षं काढून आला तो छातीचं दुखणं घेऊन, आणि वर्षाच्या आत गेला. तेव्हापासून त्या घराकडे नानांनी पाहिलं. दर दिवाळीला लुगडं, सुगीला ज्वारी, लेकीच्या लग्नाचा सगळा भार. सख्खा भाऊ करणार नाही एवढं त्यांनी केलं, आणि केल्याचं कधी बोलून दाखवलं नाही.

धुळ्याचं उत्तर आल्याची वर्दी मिळाली त्या दिवशी पुष्पाबाई पहिल्याच एसटीनं जळगावला हजर झाल्या. पोलीस कचेरीच्या दारात त्यांना पाहून नाना थबकले.

"हिला कशाला बोलावलं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुमच्या बाजूनं चार शब्द सांगायला."

पुष्पाबाईंनी चार शब्दांवर थांबायचं मनात आणलंच नव्हतं. फौजदारांसमोर उभं राहून, आपण त्याच खटल्यातल्या झुलालची विधवा असं सांगून त्या अहिराणीत म्हणाल्या, "साहेब, मना मालक गया तव्हयपाईन या नानासनी मनं घर संभाळं. मनी पोरनं लगीन यासनीच करी दिन्हं. असा मानूस बठ्ठा खान्देशमा दखाडा माले. यासले जाऊ द्या पोरकडे. देव यासनं भलं करो."

सगळ्या खान्देशात असा दुसरा माणूस दाखवा, हे त्यांचं बोलणं कचेरीतली माणसं हातातलं काम टाकून ऐकत होती. फौजदारांनी रुमालानं डोळे टिपले आणि स्वतः उठून पुष्पाबाईंना खुर्ची दिली. नाना जमिनीकडे बघत उभे होते.

"बसा मावशी," फौजदार म्हणाले. "पाकीट सकाळीच आलं, पण मी फोडलं नाही. नानांच्या समोरच फोडायचं ठरवलं होतं. तुमच्या मालकांचंही नाव असेल यात. दोघांचंही ऐका." त्यांनी पाकीट हवालदार मगनच्या हातात दिलं. "खणखणीत वाच. बाईंना वाचता येत नाही."

"साहेब, मी घरी वाचतो," नाना म्हणाले.

"आज तुमचा विनय चालायचा नाही, नाना. आयुष्यभर गप्प राहिलात. आता आम्हाला ऐकू द्या."

मगननं घसा साफ केला. "झुलाल वना महाजन, राहणार एरंडोल. तारा तोडल्याचा खटला. शिक्षा, तीन वर्षे सक्तमजुरी."

नवऱ्याचं नाव ऐकून पुष्पाबाईंनी हात जोडले. द्रौपदाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"कौतिक रुपचंद पाटील, राहणार एरंडोल. खटला तोच. शिक्षा, नाही." मगन अडखळला. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला आणि साहेबांचा हुकूम होता म्हणून पुढची ओळही तशीच खणखणीत वाचली. "शेरा. झुलाल वना याच्याविरुद्ध माफीचा साक्षीदार. साक्ष होताच मुक्त."