बोलकी पट्टी

हृदयाचा ठोका चुकला की प्रत्येकाच्या छातीवरच्या पट्टीने मोठ्याने बोललंच पाहिजे, असा कायदा ज्यांनी केला, ते आयुष्यात कधी अंतरपाटापुढे उभे राहिले नसणार. हेमांगी उभी होती, हातात हार घेऊन. दुसरं मंगलाष्टक संपता संपता तिच्या शालूआडून पट्टी बोलली, "ठोका चुकला." गुरुजी थबकले. लोकांच्या अक्षता मुठीतच राहिल्या.

डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, असे ठोके निर्धोक असतात, तिकडे लक्षच देऊ नकोस. पण पट्टी गप्प बसेल तर ना! ती पुन्हा बोलेल या धास्तीनेच पुढचा ठोका चुकला, आणि ती पुन्हा बोलली.

"आजारी मुलगी गळ्यात मारताय की काय आमच्या?" नवरदेवाच्या आत्याने भर मांडवात विचारलं. हेमांगीच्या आईचा चेहरा पडला.

तेवढ्यात अंतरपाटापलीकडून नवरदेवाची पट्टी बोलली, "ठोका चुकला."

"उकडतंय पोराला, तो पंखा इकडे वळवा रे," आत्या म्हणाली.

हेमांगीने स्वतःच्या हाताने अंतरपाट खाली ओढला. "आत्याबाई, त्याचा चुकला तो उकाड्याने, आणि माझा चुकला तो आजार. हे कसं काय? सांगा, मगच हार घालते."