बरणीतलं काळीज

"नव्या कंपनीत हप्ता निम्मा, वर स्कूटर फुकट! मॅडम, तुमच्याकडची माझी पॉलिसी आजच बंद करून टाका," बँडवाले हणमंत धुमाळ म्हणाले.

विमा एजंट प्रमिला लोंढेंचं एकेक जुनं गिऱ्हाईक नव्या कंपनीकडे चाललं होतं. पण त्या कंपनीला नावं न ठेवता त्यांनी धुमाळांना थेट आपल्या विमा कंपनीच्या कोठारात नेलं आणि एका बरणीवर बोट ठेवलं.

"हे तुमचं राखीव हृदय. तुमच्याच पेशींपासून अकरा वर्षं वाढवलंय. पॉलिसी बंद झाली की हे आजच नष्ट करणार. तिकडे पुन्हा तिळाएवढ्यापासून सुरुवात."

"आणि मधेच माझं छातीतलं बंद पडलं तर?"

"तर स्कूटरवरून दवाखान्यात जा."

धुमाळ हसले नाहीत. बरणीतलं मुठीएवढं हृदय धडधडत होतं. त्यांनी काचेला कान लावला. हळूहळू त्यांची बोटं टेबलावर ताल धरू लागली.

"अहो, हे घाई करतंय! नवशिक्या ढोलवाल्यासारखं पुढे पळतंय!" त्यांचे डोळे चमकले. "मी सोडून गेलो तर याला लय कोण शिकवणार? स्कूटर गेली खड्ड्यात. उद्यापासून रोज येतो मी!"

ते काचेवर ठेका देत बसले. प्रमिलाबाईंनी कोठारभर नजर फिरवली. शेकडो बरण्या धडधडत होत्या, आणि बाकी एकीचाही मालक इथे कधी फिरकला नव्हता. त्यांनी पॉलिसी सोडायला निघालेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला घाईघाईने फोन लावला.

"शकूताई, पॉलिसीचं राहू द्या. दुपारी मोकळ्या आहात का? तुमचं काळीज बघायला या!"