प्रत्येक टाका

चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेत पवित्र पावाच्या तुकड्यांची ताटली शॅलिसच्या हातात आली. तिने ती क्षणभर धरली आणि एकही तुकडा न उचलता आईकडे सरकवली.

जेनीलने सवयीने आपला तुकडा तोंडात टाकला, आणि मग तिच्या लक्षात आले की लेकीचे ओठ हलत नाहीत. ताटली पुढच्या बाकावर गेली, तरी ते हलले नाहीत. मनावर एखाद्या पापाचे ओझे असेल त्याने या पावाला हात लावू नये, हे त्या खोऱ्यातल्या लहान पोरांनाही ठाऊक होते. आणि कुणी हात लावला नाही, हे दुपारच्या जेवणाआधी गावभर होई.

मागच्या बाकावरचे ब्रदर बॅगली कानाने अधू होते. त्यांची कुजबुज चार रांगांना ऐकू येत असे.

"काय झालं? पाव संपला?"

"गप्प बसा हो," त्यांची बायको म्हणाली. "संपला नाही. तिनं घेतला नाही."

जेनीलची मान ताठ झाली. आज संध्याकाळी याच सभागृहात शॅलिसच्या गळ्यात चर्चने मुलींसाठी आखलेली वाट पुरी केल्याचे पदक पडायचे होते. श्रद्धेपासून सुरू होणाऱ्या सद्गुणांच्या त्या वाटेवरचा शेवटचा टप्पा सचोटीचा; तो तिने नुकताच ओलांडला होता, आणि मुलींना ती वाट शिकवणाऱ्या, मागच्या बाकावरच्या याच सिस्टर बॅगलींनी त्याला मान्यता दिली होती. वर व्यासपीठावर, बिशपचा सहायक म्हणून त्याच्या शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहण्याचे धैर्य जेनीलला झाले नाही.

संशयाला चेहरा लागतो. तिला तो लगेच सापडला. शुक्रवारी नाचाच्या कार्यक्रमाहून शॅलिस कोल्बी नावाच्या पोराच्या गाडीतून परतली होती. केस ओले, बोलणे तुटक. ज्या मानेला तिने जन्मापासून न्हाऊ घातले, त्याच मानेवर ती आता खुणा शोधू लागली.

"कोल्बी ना?" तिने समोर पाहतच विचारले.

"काय कोल्बी?"

"मला शिकवू नकोस. शुक्रवारी केस कशानं ओले होते?"

"बर्फ पडत होता, आई. टॉवेल तूच दिलास."

"मग पाव का नाही घेतलास? सगळे बघताहेत. आता प्रार्थनेचं पाणी येईल ते मुकाट्यानं पी. काय दिवे लावलेत ते घरी बघू."

"नाही पिणार."

"शॅलिस, त्या पोरानं तुला काही..."

"आई, माझे टाके कुठे गेले?"

जेनीलला कळेना. "कसले टाके?"

"गोधडीचे. वाकडे होते ते."

पुढच्या बाकाखाली कुणाच्या तरी तान्ह्याने सांडलेले खाऊचे दाणे एका बुटाखाली चुरडले. त्या बारीक आवाजाने जेनील दचकली.

शेवटच्या टप्प्यासाठी शॅलिसने इस्पितळातल्या एखाद्या नवजात बाळाकरता स्वतःच्या हाताने गोधडी शिवायची होती. पोर शाळेत असताना जेनीलने ती उलगडली, वेड्यावाकड्या ओळी उसवल्या आणि सगळी गोधडी नव्याने शिवली. मग ती सिस्टर बॅगलींपुढे पसरून, तिच्यावरून तळवा फिरवत म्हणाली होती, "प्रत्येक टाका हिनंच घातलाय." शॅलिस शेजारीच उभी होती. ती लाजली, असे तेव्हा जेनीलला वाटले होते.

"मी पण गप्प बसले," शॅलिस म्हणाली. "तुला तोंडावर खोटं कसं पाडू?"

"अगं, एवढ्याशासाठी? तुझंच नाव राखायला केलं ना मी?"

"एवढंसंच असेल, तर संध्याकाळी सांगूया सगळ्यांना."

पाण्यावरची प्रार्थना सुरू झाली आणि माना झुकल्या. जेनीलने लहानपणापासून ऐकलेले ते शब्द आज एकेक करून तिला न शिवता निघून गेले. पावाचा तुकडा केव्हाच घशाखाली उतरला होता.

इवल्या पेल्यांची ताटली बाकावरून हातोहात सरकत आली. शॅलिसने ती पाहिली, आणि आईकडे दिली.

"पाणीही नाही?" ब्रदर बॅगलींनी विचारले.

या वेळी बायकोने त्यांना गप्प केले नाही.

जेनीलने एक पेला उचलला. घोट घेतला की झाले. मग तिच्याकडे कोण पाहणार होते? पाहतील ते शॅलिसकडे. उद्या ओट्याओट्यावर कोल्बीचे नाव शिजेल, आणि पोरीच्या पोटाकडे डोळे वळतील. पेला ओठांशी आला, तिथे थांबला. वर बसलेला तिचा नवरा किंचित पुढे झुकला.

तिने हात खाली आणला. ताटलीच्या मधल्या खळग्यात लोकांनी पिऊन टाकलेल्या पेल्यांचा ढीग होता. त्यातच तिने तो काठोकाठ भरलेला पेला, सगळ्यांना दिसेल इतक्या सावकाश, ठेवला. ढीग जरा खचला आणि पाणी रिकाम्या पेल्यांतून वाट काढत खाली उतरू लागले.