रजईतला ब्रासबँड

ब्रॅडफर्डच्या त्या घरात जुने लाकडी स्पीकर हा विनिफ्रेडच्या चेष्टेचा हक्काचा विषय होता. "ब्रासबँडला रजईत गुंडाळून वाजवल्यासारखं वाटतं," ती येईल त्याला सांगायची. "आमच्या नवऱ्याला, क्लिफर्डला, तेवढंच पुरतं, कानच बहिरे!" केस पिकलेली लेक जिलियनही हसायची.

शेवटी विनिफ्रेडनेच दुरुस्तीवाल्याला बोलावलं. जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारा क्रॉसओव्हर त्याने बाहेर काढला आणि तो चक्रावला. "बाई, बिघाड काहीच नाही. बारीक आवाजाची तार कुणीतरी मुद्दाम सोडवलीय, दोन्ही स्पीकरमध्ये. टोकाला चिकटपट्टीही नीट गुंडाळलीय."

"म्हणजे हा याचाच उद्योग!" विनिफ्रेड खदखदून हसली. "काय रे, एवढी वर्षं आम्हाला अर्धीच गाणी ऐकवलीस?"

क्लिफर्डने चहाचा कप खाली ठेवला. "जिलियन झाली तेव्हा तुझं डोकं सारखं ठणकायचं. बारीक, चिरका आवाज अजिबात सोसायचा नाही तुला."

दुरुस्तीवाला उगाच पिशवीत काहीतरी शोधू लागला. विनिफ्रेडला मान वर करवेना.

 

"बरं वाटलं की सांगशील, म्हणून थांबलो होतो गं."